गांडूळ जड धातू किती घेते आणि किती सोडते : मोजणीची सविस्तर पद्धत

गांडुळे जमिनीतील जड धातू ‘खाऊन टाकतात’, हे विधान गांडूळखताच्या माहितीपत्रकांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालांत वरचेवर वाचायला मिळते. धातू हे मूलद्रव्य आहे. ते कोणाच्याही पोटात नष्ट होत नाही. फार तर एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते किंवा एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलते. त्यामुळे विचारण्याजोगा प्रश्न वेगळाच आहे: दूषित मातीत ठेवलेल्या गांडुळाच्या शरीरात कोणता धातू किती वेगाने जातो, आणि तेच गांडूळ स्वच्छ मातीत हलवले असता तो धातू किती वेगाने बाहेर पडतो? हे दोन वेग मोजण्याची पद्धत पदव्युत्तर विद्यार्थी, मृदापरीक्षण प्रयोगशाळेतील कर्मचारी आणि गांडूळखत प्रकल्प चालवणारे जिज्ञासू यांना उपयोगी पडावी, अशा बेताने पुढे मांडली आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने (ओईसीडी) २०१० साली स्वीकारलेली क्रमांक ३१७ ची मार्गदर्शिका हा तिचा पाया आहे. आपल्याकडील प्रयोगशाळांच्या सोयीचे तपशील त्यात घातले आहेत.

शरीरात काय घडते

धातू आत शिरण्याच्या वाटा दोन. गांडुळाची त्वचा सदैव ओली असते आणि मातीच्या कणांमधील पाण्याशी तिचा सतत संबंध येतो. त्या पाण्यात विरघळलेले धातूचे आयन त्वचेतून आत जातात. दुसरी वाट आतड्याची, म्हणजे गिळलेल्या मातीची. गांडूळ माती खात असल्याने आतड्याची वाटच मोठी असणार असे वाटते, परंतु नेदरलँड्समधील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गांडुळांची तोंडे शस्त्रक्रियेतील गोंदाने बंद केली, तरीही त्यांच्या शरीरात कॅडमियम, तांबे आणि शिसे जवळपास तेवढेच गेले. जस्ताच्या बाबतीत आतड्याचा वाटा काहीसा मोठा निघाला. यावरून प्रयोगकर्त्याने घ्यायचा धडा असा की मातीतील एकूण धातूपेक्षा मातीतील पाण्यात किती धातू उतरतो याला महत्त्व अधिक आहे आणि ते मुख्यतः सामू (आम्ल-विम्लतेचे माप, पीएच), सेंद्रिय कर्ब व चिकणमातीचे प्रमाण यांवर ठरते. सामू उतरला की कॅडमियम आणि जस्त मातीच्या कणांवरून सुटून पाण्यात येतात.

आत गेल्यावर प्रत्येक धातूची गत निराळी. आतड्याभोवती पिवळसर पेशींचा एक थर असतो, त्याला क्लोरॅगोजेन ऊती म्हणतात आणि साठवणुकीचे बहुतेक काम तिथे चालते. शिसे तेथील कॅल्शियम व फॉस्फेटयुक्त कणांत अडकून बसते. कॅडमियमला मेटॅलोथायोनिन नावाचे गंधकसमृद्ध प्रथिन घट्ट धरून ठेवते. हे प्रथिन कॅडमियम आले की अधिक प्रमाणात तयार होते. जस्त आणि तांबे हे शरीराला लागणारे धातू असल्याने त्यांची पातळी गांडूळ स्वतःच राखते आणि जास्तीचा साठा थोड्याच काळात बाहेर टाकते.

या फरकाचे उत्तम उदाहरण इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळच्या एव्हनमाउथ येथे सापडते. तेथे जस्त, शिसे व कॅडमियम वितळवून काढणारा कारखाना अनेक दशके चालला आणि २००३ साली बंद झाला. त्याच्या धुरातून आसपासच्या शेतजमिनींवर हे धातू साचत गेले. डेव्हिड स्पर्जन आणि स्टीव्ह हॉपकिन यांनी ही माती प्रयोगशाळेत आणून तिच्यात आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळे ठेवली, पुढे ती स्वच्छ मातीत हलवली आणि १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जस्त व तांबे काही दिवसांत स्थिर पातळीला पोहोचले आणि स्वच्छ मातीत तितक्याच झपाट्याने उतरले. शिसे व कॅडमियम मात्र वाढतच राहिले आणि कॅडमियम तर बाहेर पडायला सर्वांत नाखूश ठरले.

मातीची तयारी

दूषित माती दोन प्रकारे मिळते. प्रत्यक्ष दूषित जागेवरून आणता येते किंवा स्वच्छ मातीत धातूचा क्षार मिसळून प्रयोगशाळेत तयार करता येते. दुसरा मार्ग सोपा असला तरी फसवा आहे. ताजा मिसळलेला क्षार पाण्यात सहज विरघळलेल्या अवस्थेत असतो, तर शेतात वर्षानुवर्षे पडून राहिलेला धातू मातीच्या कणांत खोलवर मुरलेला असतो. म्हणूनच एकूण प्रमाण सारखे असूनही तयार केलेली माती गांडुळांना अधिक घातक ठरते. क्षार मिसळायचाच असेल तर माती ओलसर ठेवून निदान तीन-चार आठवडे मुरू द्यावी आणि क्षारातील क्लोराइड किंवा नायट्रेटचा परिणाम वेगळा ओळखता यावा म्हणून तेवढेच क्लोराइड किंवा नायट्रेट घातलेली, पण धातू नसलेली मातीही सोबत ठेवावी. जागेवरून माती आणणार असाल तर जवळचीच, त्याच पोताची पण स्वच्छ माती तुलनेसाठी घ्यावी. तशी मिळाली नाही तर ओईसीडीची कृत्रिम माती वापरता येते. तिच्यात वजनाने ७० टक्के बारीक क्वार्ट्झ वाळू, २० टक्के केओलिन (पांढरी चिकणमाती) आणि १० टक्के स्फॅग्नम पीट (दलदलीतले अर्धवट कुजलेले शेवाळ) असते आणि कॅल्शियम कार्बोनेट घालून सामू ६ च्या आसपास आणलेला असतो.

माती सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळावी. चाळणी पितळेची नसावी, कारण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. सामू, सेंद्रिय कर्ब आणि जलधारण क्षमता मोजून घ्यावी. ओलावा जलधारण क्षमतेच्या ४० ते ६० टक्के ठेवावा. मूठ दाबली असता गोळा व्हावा पण पाणी सुटू नये, ही शेतातली कसोटी इथेही चालते. नळाचे पाणी न वापरता ऊर्ध्वपातित किंवा आयनरहित पाणी वापरावे. एकूण धातूखेरीज ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात उतरणारा धातूही मोजावा. हा एक आकडा नंतर कितीतरी कोडी सोडवतो.

गांडुळांची निवड

आपल्याकडील गांडूळखत प्रकल्पांत आयसेनिया फेटिडा, युड्रिलस युजेनिए आणि पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस या जाती सर्रास मिळतात. जगभरच्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर आयसेनिया घ्यावे. मात्र या तिन्ही जाती शेण आणि पालापाचोळ्यात राहणाऱ्या आहेत. शेतातल्या निव्वळ मातीत त्या सहसा आढळत नाहीत. तुमचा प्रश्न शेतजमिनीबद्दल असेल तर लॅम्पिटो मॉरिटी ही भारतात मुबलक आढळणारी, मातीत राहणारी जात अधिक योग्य, जरी तिला प्रयोगशाळेत जगवणे थोडे कटकटीचे असले तरी.

गांडुळे प्रौढ असावीत, म्हणजे त्यांच्या अंगावरचा फुगीर पट्टा स्पष्ट दिसावा आणि आयसेनियाचे वजन साधारण २५० ते ६०० मिलिग्रॅम असावे. शेणातून उचलून थेट प्रयोगात टाकू नयेत; निदान आठवडाभर स्वच्छ मातीत रुळू द्यावीत. शेणात पशुखाद्यातून आलेले तांबे आणि जस्त असतात, त्यामुळे शून्य दिवसाची, म्हणजे दूषित मातीत टाकण्यापूर्वीची, गांडुळे तपासल्याशिवाय पुढचे आकडे निरर्थक होतात. खाद्य म्हणून वाळवून दळलेले शेण वापरावे आणि ज्या जनावराला अलीकडे जंतांचे औषध दिले आहे त्याचे शेण टाळावे, कारण त्यातील औषधाचा अंश गांडुळांनाही बाधतो. हे शेण मातीत नीट मिसळावे. वर पसरले तर गांडुळे तिथेच तळ ठोकतात आणि दूषित मातीला तोंड लावत नाहीत.

पहिला टप्पा : धातू घेणे

हा टप्पा २१ दिवसांचा ठेवावा. प्रत्येक बरणीत १०० ग्रॅम कोरड्या मातीएवढी ओली माती आणि चार गांडुळे घ्यावीत. एक ग्रॅम गांडुळामागे निदान ५० ग्रॅम कोरडी माती हवी; चौघांचे मिळून वजन दोन ग्रॅमच्या आत ठेवले की ही अट पाळली जाते. १, २, ४, ७, १०, १४ आणि २१ या दिवशी प्रत्येकी चार बरण्या रिकाम्या करून गांडुळे तपासणीसाठी काढावीत. सुरुवातीचे दिवस दाट घेण्याचे कारण असे की जस्त आणि तांब्याची सगळी हालचाल तिथेच संपते. दुसऱ्या टप्प्यासाठीही तेवढ्याच बरण्या धरल्या तर एकूण ५६ होतात, शिवाय स्वच्छ मातीतल्या आठ तुलनेच्या बरण्या. शून्य दिवसाची १६ धरून २७२ गांडुळे लागतात. मरतुक आणि पळापळ लक्षात घेऊन ३५० जमवावीत.

प्रत्येक गांडूळ आत टाकण्यापूर्वी तोलावे. बरण्यांना बारीक भोकांचे झाकण घालून तापमान २० अंश सेल्सियसच्या आसपास आणि बदल दोन अंशांच्या आत ठेवावा. आपल्याकडे उन्हाळ्यात याला थंड कक्ष लागतो. तो नसेल तर उष्णप्रदेशातील जात घेऊन प्रयोग २५ ते २७ अंशांवर करावा, पण तापमान नोंदवून ठेवावे, कारण उष्णतेबरोबर दोन्ही वेग बदलतात. सौम्य प्रकाश चालू ठेवला की गांडुळे मातीतच राहतात. दर दोन-तीन दिवसांनी बरणी तोलून उडालेले पाणी भरून काढावे.

आतडे रिकामे करणे

संपूर्ण प्रयोगात सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे थोडे थांबू. मातीतून काढलेल्या गांडुळाच्या आतड्यात माती भरलेली असते आणि ती तशीच राहिली तर आपण गांडूळ नव्हे, गांडूळ अधिक माती मोजतो.

एक हिशेब करून पाहू. समजा, गांडुळाच्या शरीराचे कोरडे वजन ८० मिलिग्रॅम आहे आणि आतड्यात २० मिलिग्रॅम कोरडी माती उरली आहे. शरीरात शिसे १०० मिलिग्रॅम प्रति किलो आणि मातीत १,००० मिलिग्रॅम प्रति किलो आहे. प्रयोगशाळेचा अहवाल येईल २८० चा, म्हणजे खऱ्याच्या जवळपास तिप्पट. आता त्याच गांडुळातील कॅडमियम पाहा. शरीरात १०० आणि मातीत १० असेल तर अहवाल येईल ८२ चा, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी. एकाच चुकीमुळे शिशाचा आकडा फुगतो आणि कॅडमियमचा आकसतो, कारण शिसे सहसा शरीरापेक्षा मातीत जास्त असते आणि कॅडमियम मातीपेक्षा शरीरात. प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांतील आकडे जुळत नाहीत तेव्हा मी आधी आतडी रिकामी करण्याची पद्धत कोणती होती ते पाहतो. बहुतेक वेळा कोडे तिथेच सुटते.

कृती साधी आहे. गांडूळ आयनरहित पाण्याने हलके धुवावे, टिपकागदावर टिपावे आणि ओलसर गाळणकागद अंथरलेल्या काचेच्या झाकणबंद ताटलीत एकेकटे ठेवावे. ताटली अंधारात, प्रयोगाच्याच तापमानाला ठेवावी. काही तासांत काळपट विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसू लागतात. गांडूळ त्याच पुन्हा खाते, म्हणून बारा तासांनी कागद बदलावा. चोवीस तासांनी गांडूळ उजेडासमोर धरले तर रिकाम्या आतड्याचा भाग पारदर्शक, फिकट दिसतो. मागच्या टोकाला गडद रेघ उरली असेल तर आणखी वेळ द्यावा.

मात्र वेळ वाढवण्यालाही किंमत आहे. जस्त आणि तांबे इतक्या वेगाने बाहेर पडतात की ४८ तासांच्या उपाशीपणात त्यांचा बराच भाग निघून जातो. शिसे आणि कॅडमियमसाठी ४८ तास निर्धोक आहेत. चारही धातू एकत्र मोजायचे असतील तर मी २४ तास पसंत करतो आणि उरलेल्या मातीची दुरुस्ती हिशेबात करतो. त्यासाठी गांडूळ आम्लात विरघळवल्यानंतर (विघटनानंतर) तळाशी राहणारी आम्लात न विरघळणारी राख तोलावी. तेवढ्याच मातीची तशीच राख किती येते हे माहीत असले की आतड्यात राहिलेली माती काढता येते. वेळ कोणतीही निवडा, पण शून्य दिवसापासून शेवटच्या नमुन्यापर्यंत ती एकच ठेवा.

दुसरा टप्पा : धातू सोडणे

एकविसाव्या दिवशी उरलेली गांडुळे धुऊन, आतडी रिकामी करून त्याच पोताच्या स्वच्छ मातीत हलवावीत आणि पुन्हा १, २, ४, ७, १०, १४ आणि २१ दिवसांनी काढावीत. काही जण हा टप्पा नुसत्या ओल्या कागदावर करतात. तसे करू नये. उपाशी गांडूळ स्वतःच्या ऊती जाळते, त्याचे वजन घटते आणि धातू तेवढाच राहूनही त्याचे प्रमाण वाढलेले दिसते.

याच्या उलटही घडते. समजा, ८० मिलिग्रॅम कोरड्या वजनाच्या गांडुळात ५० मिलिग्रॅम प्रति किलो कॅडमियम आहे, म्हणजे एकूण ४ मायक्रोग्रॅम. स्वच्छ मातीत खाऊन-पिऊन ते १०० मिलिग्रॅम झाले तर प्रमाण ४० वर येते. पण ४ मायक्रोग्रॅमपैकी एक कणही बाहेर पडलेला नाही. म्हणून प्रमाणासोबत प्रत्येक गांडुळातील एकूण मायक्रोग्रॅमचा आलेखही काढावा. प्रमाण उतरते पण एकूण साठा सपाट राहतो, असे दिसले तर ती वाढ आहे, उत्सर्जन नव्हे.

खरे उत्सर्जन आतड्यातून, उत्सर्जक नलिकांतून आणि झिजलेल्या क्लोरॅगोजेन पेशींबरोबर होते. काही टाकाऊ पदार्थ शरीराच्या मागच्या पोकळीत तपकिरी गाठींच्या रूपात जमतो आणि कधी कधी गांडूळ शेपटीचे वलयच तोडून टाकते. बरणीत तुटलेला तुकडा आढळला तर तो फेकू नये, वेगळा तपासावा.

विघटन आणि मापन

आतडे रिकामे झालेले गांडूळ गोठवून मारावे, शीतशुष्क करावे किंवा ६० ते ८० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावे. पुढे संहत नायट्रिक आम्लात, लागल्यास थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, धूरकपाटात विघटन करावे. जस्त व तांब्यासाठी ज्वालेवरचे अणुशोषण यंत्र पुरते. एका गांडुळातील कॅडमियम इतके थोडे असते की ग्रॅफाइट भट्टीचे यंत्र किंवा आयसीपी-एमएस हे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारे यंत्र लागते. प्रत्येक तुकडीत गांडूळ नसलेले कोरे नमुने आणि गाईच्या यकृतासारखा एखादा प्रमाणित जैविक नमुना असावा. प्रमाणित नमुन्याचा आकडा चुकला तर त्या तुकडीतील सर्व आकडे बाद समजावेत, मग ते कितीही सुंदर रेषेवर बसत असोत.

आकडेमोड आणि तिचे सापळे

नेहमीचे सूत्र असे: शरीरातील प्रमाण बदलण्याचा वेग म्हणजे ग्रहण-स्थिरांक गुणिले मातीतील प्रमाण, वजा उत्सर्जन-स्थिरांक गुणिले शरीरातील प्रमाण. दोन्ही टप्प्यांचे आकडे एकत्र घेऊन दोन्ही स्थिरांक संगणकाने एकाच वेळी बसवावेत. ०.६९३ ला उत्सर्जन-स्थिरांकाने भागले की अर्धायुष्य, म्हणजे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ, मिळते आणि ग्रहण-स्थिरांकाला उत्सर्जन-स्थिरांकाने भागले की संचय-गुणोत्तर, म्हणजे शरीरातील अंतिम प्रमाण मातीतील प्रमाणाच्या किती पट ते.

समजा, उत्सर्जन-स्थिरांक दिवसाला ०.०५ आला. अर्धायुष्य जवळपास १४ दिवस होते आणि २१ दिवसांत गांडूळ आपल्या अंतिम पातळीच्या सुमारे ६५ टक्के गाठते. तोच ०.०१ असेल तर अर्धायुष्य ६९ दिवसांचे आणि २१ दिवसांत गाठलेली पातळी १९ टक्क्यांची. म्हणजे एकविसाव्या दिवशीचा आकडा ‘अंतिम’ म्हणून छापणे कॅडमियमच्या बाबतीत साफ चूक आहे. कॅडमियमचा उत्सर्जन-स्थिरांक पुष्कळदा शून्यापासून वेगळा काढताच येत नाही. अशा वेळी त्याने भागून अवाढव्य संचय-गुणोत्तर छापण्याचा मोह आवरावा आणि फक्त ग्रहण-स्थिरांक देऊन ‘या कालावधीत उत्सर्जन आढळले नाही’ असे लिहावे. तेच प्रामाणिक उत्तर आहे.

जस्ताचा सापळा निराळा आहे. गांडूळ शरीरातील जस्त समजा १०० मिलिग्रॅम प्रति किलोच्या आसपास राखते. मग मातीत ५० असताना गुणोत्तर २ येते आणि ५०० असताना ०.२. दूषित जमिनीतील गांडुळात गुणोत्तर कमी आले म्हणजे ती जमीन सुरक्षित, असा अर्थ लावणाऱ्याने फक्त भागाकार वाचलेला असतो.

गांडूळखताशी संबंध

हे सगळे आपल्याकडील शहरी कचऱ्याच्या गांडूळखताला थेट लागू होते. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार गांडूळखतात कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५० आणि शिसे १०० मिलिग्रॅम प्रति किलो यांपेक्षा अधिक नसावे. आता १०० किलो कोरडा कचरा घेऊ, ज्यात कॅडमियम २ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे एकूण २०० मिलिग्रॅम आहे. कुजून त्याचे ६० किलो खत झाले. त्यातून एक किलो जिवंत गांडुळे काढून घेतली. त्यांचे कोरडे वजन सुमारे १८० ग्रॅम, आणि त्यांत कॅडमियम २० मिलिग्रॅम प्रति किलो धरले तरी ती ३.६ मिलिग्रॅमच घेऊन गेली. खतात उरले १९६.४ मिलिग्रॅम आणि प्रमाण झाले जवळपास ३.३. गांडुळांनी कॅडमियम घेतले हे खरे, पण खतातील प्रमाण घटण्याऐवजी दीडपटीहून अधिक वाढले, कारण कचऱ्याचे वजन कुजून कमी झाले. म्हणून गांडूळखत प्रकल्पाचा निकाल लावताना आरंभी आणि शेवटी प्रमाणासोबत एकूण वजनही मोजावे. आणि धातूचा बंदोबस्त कचऱ्याच्या वर्गीकरणातच, बॅटऱ्या, रंग आणि विद्युत भंगार बाजूला काढूनच करावा.

अशा कचऱ्यावर वाढलेली जास्तीची गांडुळे कोंबड्यांना किंवा माशांना घालण्यापूर्वी त्यांतील कॅडमियम तपासून घ्यावे. त्यांना आठवडाभर स्वच्छ शेणात ठेवल्याने जस्त उतरेल, कॅडमियम उतरणार नाही. प्रयोगातील उरलेली गांडुळे, दूषित माती आणि आम्ल यांना बागेत किंवा मोरीत जागा नाही. माती व मेलेली गांडुळे चिठ्ठी लावलेल्या बंद डब्यात, आम्ल वेगळ्या बाटलीत साठवून घातक कचरा स्वीकारणाऱ्या परवानाधारक केंद्राकडे सोपवावे, आणि दूषित मातीच्या बरण्यांत गांडुळांनी घातलेले कोशही (अंड्यांची आवरणे) त्याच डब्यात टाकावेत.